इराणी सेतार आणि सिंथेसायझर: हे जमलं कसं?

मागे ड्रम मशीन ठोकतंय, पुढे एखादं पारंपरिक वाद्य, आणि दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. असलं फ्यूजन मला ऐकवत नाही. म्हणून आज दारियुश दौलतशाही.

जन्म १९४७चा, तेहरानचा. हाडाचे वादक, तार आणि सेतार या इराणी तंतुवाद्यांचे. पुढे न्यूयॉर्कला आले, कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटरमध्ये. १९८५ साली फोकवेज या रेकॉर्ड कंपनीनं त्यांची एलपी काढली: 'इलेक्ट्रॉनिक म्युझिक, तार अँड सेहतार' (सेहतार म्हणजे सेतारच). नावात लपवाछपवी नाही!

आता खरी गंमत. इराणी संगीतात 'शूर' नावाचा दस्तगाह आहे. दस्तगाह म्हणजे, ढोबळमानानं, एका स्वरव्यवस्थेत बांधलेल्या चालींचा मोठा संच. शूरमध्ये सा लावलात, की पुढचा रे आपल्या कोमल रेपेक्षा चढा आणि शुद्ध रेपेक्षा उतरलेला. त्यातही तो नेमका किती चढा, हे वादकागणिक थोडं बदलतं. सेतारवर ही अडचणच नाही, कारण पडदे बांधलेले असतात, आपल्या सतारीसारखे सरकवता येतात. हार्मोनियमवर मात्र हा रे शोधून दाखवा!

लोकांना वाटतं, इलेक्ट्रॉनिक संगीतातही तीच अडचण येणार. पण बारा स्वरांची सक्ती कीबोर्डची आहे, विजेची नाही. ऑसिलेटर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारा भाग, हव्या त्या कंपनसंख्येवर लावता येतो, अगदी त्या दोन 'रें'च्या मधल्या जागेतही.

दुसरी गोष्ट लयीची. इराणी परंपरेतला बराच भाग आपल्या आलापासारखा, तालाशिवाय चालतो. त्याच्याखाली बीट घातला की तो गुदमरतो. टेपवरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला बीट लागतोच असं नाही. म्हणजे ज्यांना आपण दोन टोकं समजतो, ती दोन्ही कीबोर्ड आणि ठेका यांच्यावाचून जगू शकतात. शिवाय तर्जनीच्या नखानं छेडलेली सेतारची तार पटकन विरते, आणि इलेक्ट्रॉनिक स्वर हवा तितका वेळ धरून ठेवता येतो.

हे करणारे ते एकटे नव्हेत. अलीरेझा मशायेखी यांनी साठच्या दशकातच इलेक्ट्रॉनिक 'शूर' रचलं होतं. आणि आजचं ऐकायचं असेल, तर अता एब्तेकार, म्हणजे 'सोते', यांचा २०१९चा अल्बम 'पॅरलल पर्शिया'. तो अंगावर येतो, आधीच सांगतो. सुरुवात दौलतशाहींपासूनच करा, आणि कृपा करून हेडफोन लावून.