फोर लो : जुनी जीप चढ कसा चढते

[पहिला शॉट : चढावर अडकलेली जीप, पुढचं डावं चाक हवेत]

पुढचं डावं चाक बघा. जमिनीपासून चांगलं फूटभर वर आहे आणि नुसतं गरगर फिरतंय. मागचं उजवं चाक चिखलात, तेही जागेवरच फिरतंय. इंजिन चालू, गिअर टाकलेला, फोर लो लावलेलं, म्हणजे फोर बाय फोर आणि त्यातही कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर, तरी गाडी इंचभर पुढे जात नाहीये. आता फोर बाय फोर म्हटलं की लोकांना वाटतं चारही चाकांना ताकद आहे, मग गाडी अडकेलच कशी? अडकते, कारण मध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर आतलं चाक कमी फिरतं आणि बाहेरचं जास्त, ते जमावं म्हणून दोन चाकांच्या मध्ये हे गिअर बसवलेले असतात, रस्त्यावर त्यांच्याशिवाय चालणारच नाही, पण चाक हवेत गेलं की त्याला अडथळाच राहत नाही आणि सगळं फिरणं त्याच चाकाकडे जातं, जमिनीवरचं चाक तसंच उभं.

आता ड्रायव्हरने बटण दाबलं. फुस्स असा आवाज आला ना, तो हवेवर चालणारा लॉकर. मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली गेली, आता एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागणार. ॲक्सिलरेटर वाढवलेला नाही, ऐका, इंजिनचा आवाज आहे तसाच आहे.

[गाडी वर येईपर्यंत निवेदन नको, मूळ आवाज ठेवा]

ही एमएम ५४०. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली, तिथून जी जात सुरू झाली त्यातलीच ही ऐंशीच्या दशकातली गाडी. लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट, पुढे-मागे अखंड ॲक्सल, पाट्यांवर म्हणजे लीफ स्प्रिंगवर बसलेली बॉडी, २.१ लिटरचं प्यूजोच्या डिझाईनचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम साठ हॉर्सपॉवर. याच जातीच्या गाड्यांनी आपल्याकडे गावोगाव वडाप केलं. आज हॅचबॅक गाडीलाही हिच्यापेक्षा जास्त ताकद असते, पण ही गाडी उघडता येते, समजून घेता येते आणि रिपेअर करता येते, म्हणून मॉडिफिकेशन करणारे अजून हिच्याकडेच वळतात.

[गॅरेज, पाटे आणि ॲक्सल जवळून]

हे मिस्त्री काय करतायत ते नीट बघण्यासारखं आहे. कंपनीतून येताना पाटे ॲक्सलच्या खाली असतात. यांनी ते सोडवून ॲक्सलच्या वर घेतलेत, तेवढ्याने गाडी चार-पाच इंच उचलली जाते, मोठे टायर बसतात, दगडावर खालचं काही घासत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण गाडी उचलली की गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो आणि खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग आपोआप ओढायला लागतं, ब्रेकचे होज अपुरे पडतात. म्हणून पाटा ज्या बैठकीवर बसतो ती बैठक नव्याने वेल्ड करायची आणि पिनियनचं, म्हणजे हा शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचं, तोंड नेमकं किती वर करायचं हे आधी ठरवायचं. मिस्त्री खडूने खूण करतात, कोनमापी लावतात, एक टाका मारतात, परत मोजतात. पटलं नाही तर टाका तोडून पुन्हा. पूर्ण वेल्डिंग अगदी शेवटी, तेही थांबून थांबून, कारण एकाच जागी उष्णता गेली तर ॲक्सलची नळी वाकडी होते. हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही, वर्षानुवर्षं हाताखाली काम करून आलेलं आहे. याला जुगाड म्हणणाऱ्यांनी एकदा इथे स्टुलावर बसून बघावं. हे इंजिनिअरिंग आहे.

ही नळी छतापर्यंत गेलीये, तो स्नॉर्कल. इंजिनला हवा वरून मिळते. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, हवा आणि डिझेल मिळालं की चालतं, पण हवेच्या जागी पाणी आत गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, सगळं इंजिन उतरवावं लागतं. स्नॉर्कल सगळ्यांना दिसतो. या बारीक नळ्या कुणाला दिसत नाहीत, त्या ॲक्सलच्या आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या वाटेच्या, त्याही तेवढ्याच उंच न्यायच्या, नाहीतर गरम ॲक्सल थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

बाकी रोल केज म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा, दोन बॅटऱ्या, मड टायर.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. २०१९ च्याच दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाड्यांना भोंगे आणि झगमग दिवे लावणाऱ्यांना आवर घालायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण कोन मोजून, टाके तपासून केलेलं हे कामही त्याच रांगेत उभं केलं जातं. तपासणी ठेवा, कडक ठेवा, वेल्डिंग तपासा, ब्रेक तपासा, वजन करा आणि पास झालेल्या गाडीला प्रमाणपत्र द्या. असं काम करणारी माणसं वाढायला हवीत. ती लपतछपत राहिली तर हे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाईल. आज ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही म्हणून ट्रकवर चढवून ट्रॅकपर्यंत नेतात.

[पाऊस, लाल चिखल, ओढा]

हे सगळं शूटिंग खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने. आणि एक गोष्ट, सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारांवर, गाडी घालायची नाही, तिथे मातीचा थर चार बोटांचा असतो, पावसातली सगळी फुलं त्यातच येतात, एकदा चाकोरी पडली की कित्येक वर्षं भरत नाही.

टायरमधली हवा सोडतायत. ३० पीएसआयवरून १५ वर. टायर चपटा होतो, जमिनीला लांबच लांब टेकतो, चिखलात पकड येते. आता ड्रायव्हरचे अंगठे बघा, स्टिअरिंगच्या आत नाहीत, रिंगवर सरळ ठेवलेत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटा झटका देतं आणि अंगठा मोडतो. समोर एकच माणूस हाताने खुणा करतोय. चार जण चार बाजूंनी ओरडायला लागले की गाडी पडलीच म्हणून समजा.

[विंच]

इथे चाकांचं काम संपलं. आता विंच, ड्रमवर केबल गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र. ही ९,५०० पौंडाची, म्हणजे साधारण ४,३०० किलो ओढायची ताकद, पण तीही ड्रमवर केबलचा पहिलाच थर असेल तेव्हा, जेवढे थर जास्त तेवढी ताकद कमी. झाडाला थेट केबल नाही गुंडाळायची, रुंद पट्टा लावायचा, साल सोलत नाही. मधे कप्पी घातली की ताकद जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. केबलवर ओलं गोणपाट टाकलंय, ते तसंच ठेवायचं, स्टीलची केबल तुटली तर ती कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही आणि गोणपाटाच्या वजनाने ती खाली पडते. को-ड्रायव्हर कमरेएवढ्या चिखलात उभा आहे. गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची भारतातली आवृत्ती २०१४ मध्ये पहिल्यांदा भरली, मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ पासूनची, तिथेही अर्धं काम याच माणसाचं असतं.

[फक्त विंचचा आवाज]

बाहेर आल्यावर लगेच डिफरन्शियलचं बूच उघडतात. बोटावर ऑइल घेऊन बघायचं. स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ दिसलं म्हणजे पाणी गेलंय, मग सगळं काढायचं, डिझेलने धुवायचं, नवीन भरायचं, हबचं ग्रीस बदलायचं. हे त्याच रात्री. दुसऱ्या आठवड्यावर टाकलं तर बेअरिंग गंज धरतात.