जन्मस्थान : कराची

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आत्याचा जन्म 1934 साली कराचीत झाला. आजोबा तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होते. फाळणीच्या वर्षी सगळे बिऱ्हाड बोटीने मुंबईला आले आणि पुढचे आत्याचे सारे आयुष्य आधी गिरगावात व मग डोंबिवलीत गेले. 2004 साली नातवाचे तोंड पाहण्यासाठी ती पहिल्यांदा परदेशी निघाली. तिकडच्या विमानतळावर खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने तिचा भारतीय पासपोर्ट उघडला, पान न्याहाळले आणि एका ओळीवर बोट ठेवले. ती ओळ जन्मस्थानाची होती. मग तिला शेजारच्या खोलीत नेऊन बसवले, आणि बाहेर ताटकळलेल्या लेकीला बोलावून खुलासा करून घेईपर्यंत दीड तास गेला. आत्या हा प्रसंग पुढे हसत हसत सांगत असे. "पिशवीतल्या मेतकुटाबद्दल विचारतील म्हणून लेकीने पढवलेले उत्तर मी घोकत गेले होते, आणि त्यांनी विचारले काय, तर माझा जन्म," असे ती म्हणायची.

आज मी आपल्याशी बोलणार आहे तो त्या एका ओळीबद्दल.

आपल्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, आणि पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावरून माणसामाणसांत फरक होतो हे व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या भारतीयाला वेगळे सांगायला नको. तो फरक नागरिकत्वाचा असतो. तो आवडो न आवडो, त्यात काही एक हिशेब असतो, कारण नागरिकत्व हे माणसाचे राज्याशी असलेले नाते आहे. बहुतेक ठिकाणी ते सोडता येते, नवे जोडता येते. मी म्हणतो तो फरक याच्याही पलीकडचा आहे. एकाच देशाचे, एकाच रंगाचे दोन पासपोर्ट खिडकीवर येतात. एकावर शिक्का बसतो आणि दुसऱ्याच्या मालकाला शेजारच्या खोलीची वाट दाखवली जाते, कारण बाळंतपणाच्या वेळी त्याची आई कोणत्या गावी होती हे त्या पानावर छापलेले असते.

पासपोर्ट हाताशी असेल तर ते पान जरूर पाहावे. तळाशी बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या, प्रत्येकी 44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. यंत्र वाचते ते त्या ओळी. नाव, पासपोर्टचा क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत हे सगळे त्यांत असते; जन्मस्थान मात्र नसते. ते वरच्या बाजूला, माणसाच्या डोळ्यांसाठी छापलेले असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेल्या नमुन्यात तर ते ऐच्छिकच आहे. स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर जन्मगावाऐवजी घराण्याचे मूळ गाव लिहितात, आपल्याकडे आडनावावरून गाव सांगतात त्याच चालीचे. त्या देशाच्या नागरिकांचे प्रवास त्यावाचून अडल्याचे ऐकिवात नाही.

ही ओळ किती जड होऊ शकते ते 2002 साली कॅनडाच्या नागरिकांना कळले. अमेरिकेवरच्या हल्ल्याला वर्ष होत असताना, त्या सप्टेंबरात, अमेरिकेने काही देशांच्या प्रवाशांसाठी विशेष नोंदणीची पद्धत सुरू केली. सीमेवर बोटांचे ठसे, छायाचित्र, चौकशी आणि परत जातानाही ठरावीक ठिकाणी हजेरी, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीला इराण, इराक, लिबिया, सुदान आणि सीरिया हे पाच देश होते. पुढे यादी 25 देशांपर्यंत गेली आणि त्यांत उत्तर कोरियासारखा अपवाद सोडला तर बहुतेक मुस्लिमबहुल होते. पण खिडकीवरचा अधिकारी नागरिकत्वापाशी थांबेना. कॅनडाचा पासपोर्ट दाखवणाऱ्या माणसाचा जन्म त्या पाच देशांतला असला, तर तोही बाजूला काढला जाऊ लागला. जगातली सर्वांत लांब आणि एरवी सर्वांत सैल समजली जाणारी ती सीमा. आणि त्या ऑक्टोबरच्या अखेरीस कॅनडा सरकारला आपल्याच काही नागरिकांना सूचना द्यावी लागली की, तुमचा जन्म अमुक देशांत झाला असेल तर अमेरिकेला जाण्यापूर्वी नीट विचार करा. शेजाऱ्याने थोडी माघार घेतली आणि ती सूचना मागे घेतली गेली, पण एका राज्याने दिलेला शब्द दुसऱ्या राज्याने अर्धाच मानला होता, हे त्यातून उघड झाले.

माहेर अरार यांच्या प्रकरणात याचे टोक दिसले. सीरियात जन्मलेले अरार 17 व्या वर्षी कॅनडात आले, 1991 साली तिथले नागरिक झाले आणि दूरसंचार अभियंता म्हणून ओटावात काम करत होते. 26 सप्टेंबर 2002 रोजी ट्युनिसहून घरी परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर ते केवळ विमान बदलण्यासाठी उतरले आणि तिथेच त्यांना अटक झाली. त्यांच्यावर संशय घेण्यामागे कॅनडाच्याच पोलिसांनी पुरवलेली चुकीची माहिती होती, हे इथे सांगितलेच पाहिजे. केवळ जन्मस्थानामुळे त्यांना पकडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु पकडल्यावर त्यांना धाडायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या ओळीने आणि तिच्यासोबत चिकटून राहिलेल्या सीरियाच्या नागरिकत्वाने दिले. खिशात कॅनडाचा पासपोर्ट असलेला, कॅनडात घरसंसार असलेला, कॅनडालाच निघालेला हा माणूस जॉर्डनमार्गे सीरियात पोहोचवण्यात आला. तिथे त्यांचा छळ झाला आणि तीन फूट रुंद, सहा फूट लांब, सात फूट उंच अशा कोठडीत त्यांनी दहा महिने काढले; त्या जागेला ते थडगे म्हणत. ऑक्टोबर 2003 मध्ये ते परतले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने 2006 साली त्यांच्याविरुद्ध काहीही पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला, आणि पुढच्या जानेवारीत कॅनडाच्या पंतप्रधानांनी माफी मागून 1 कोटी 5 लाख डॉलरची भरपाई जाहीर केली. अमेरिकेच्या न्यायालयांनी मात्र त्यांचा दावा ऐकूनच घेतला नाही.

याच सुमाराला, नोव्हेंबर 2002 मध्ये, मुंबईत जन्मलेले कॅनडाचे कादंबरीकार रोहिंटन मिस्त्री यांनी आपला अमेरिकेचा दौरा मध्येच सोडला. जवळजवळ प्रत्येक विमानतळावर त्यांना आणि त्यांच्या पत्नीला बाजूला काढून तपासले जात होते आणि तो अपमान सोसवेनासा झाला होता. भारत त्या यादीत नव्हता. पण यादीची सवय एकदा डोळ्याला लागली, की डोळा यादीपुरता राहत नाही. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराण सोडून आपल्याकडे आलेल्या पारशी समाजातला हा माणूस. त्याला पाहून नेमका कोणता देश आठवला असेल, कोण जाणे.

त्या नोंदणीतून निष्पन्न काय झाले? अमेरिकेत आधीपासून राहणाऱ्या 80 हजारांहून अधिक लोकांनी हजेरी लावली, 13 हजारांहून अधिक लोकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, पण दहशतवादाचा गुन्हा शाबीत झालेला एकही माणूस त्यातून दाखवता आला नाही. 2011 साली ती पद्धत थांबवली गेली आणि 2016 च्या डिसेंबरात नियमच पुसला गेला. महिन्याभरानंतर, 27 जानेवारी 2017 रोजी, सात देशांच्या नागरिकांना बंदी करणारा नवा आदेश निघालाही. कॅनडात आता अर्जदाराने मागणी केल्यास पासपोर्टवर जन्मस्थान न छापण्याची सोय आहे, पण तशी मागणी करताना, पुढे कुठे अडचण आली तर ती माझी, अशी कबुली द्यावी लागते. शिवाय कोरी ओळ पाहून अधिकाऱ्याचे कुतूहल वाढते ते वेगळेच.

येथवर अनेक श्रोते मान डोलावत असतील. आपल्या माणसाला परदेशात अडवले की आपल्याला राग येतो, आणि तो खराच असतो. आता जरा आपल्या दाराकडे पाहू.

पाकिस्तानात जन्मलेल्या, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा तिथले होते अशा परदेशी नागरिकाला भारताचा ई-व्हिसा मिळत नाही. मग तो ब्रिटनचा डॉक्टर असो की ऑस्ट्रेलियाचा फलंदाज. त्याने वेगळा अर्ज करायचा आणि कित्येक आठवडे वाट पाहायची. पाकिस्तानही भारतीय वंशाच्या परदेशी लोकांना वेगळ्या रांगेत उभे करतो, पण तो त्याचा हिशेब आहे. उस्मान ख्वाजाचा जन्म इस्लामाबादचा; तो लहानपणीच ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्या देशाकडून कसोटी खेळणारा पहिला मुस्लिम खेळाडू ठरला. 2023 च्या दौऱ्यावर त्याचा संघ भारतात निघाला तेव्हा व्हिसा न आल्यामुळे तो एकटा मागे राहिला. नंतर आला आणि अहमदाबादला त्याने 180 धावा केल्या. इंग्लंडचा फिरकी गोलंदाज शोएब बशीर वंशाने पाकिस्तानी, पण त्याचे तर जन्मस्थानही पाकिस्तान नव्हे. तो इंग्लंडमधल्या सरे परगण्यात जन्मला. तरी 2024 च्या जानेवारीत संघ अबू धाबीहून हैदराबादला गेला आणि हा वीस वर्षांचा पोरगा व्हिसासाठी उलट लंडनला. पहिली कसोटी हुकली. दुसऱ्या कसोटीत, विशाखापट्टणमला, त्याने पदार्पण केले आणि कारकिर्दीतला पहिला बळी घेतला तो रोहित शर्माचा, लेग स्लिपला झेल देऊन. अख्ख्या संघाची, मंडळाची आणि सरकारची ओळख पाठीशी असताना त्याची ही गत, तर लग्नाला येणाऱ्या एखाद्या सामान्य माणसाचा अर्ज किती दिवस पडून राहत असेल, याची कल्पना करावी.

यावर उत्तर येते ते 26 नोव्हेंबरचे, आणि मुंबईकराला ते हलके मानता येत नाही. मीही मानत नाही. म्हणूनच डेव्हिड हेडली या अमेरिकन नागरिकाचे उदाहरण आठवावे. हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करण्यासाठी तो 2006 ते 2008 या काळात पुनःपुन्हा येथे आला, हॉटेलांत राहिला, समुद्रकिनाऱ्याची पाहणी करून गेला. त्याचे वडील पाकिस्तानी होते, पण व्हिसाच्या अर्जात त्याने वडिलांचे खरे नाव दिले नाही, आणि स्वतःचे दाऊद गिलानी हे नाव त्याने आधीच रीतसर बदलून घेतले होते. त्याच्या पासपोर्टवर जन्मस्थानाच्या ओळीत काय असणार? त्याचा जन्म वॉशिंग्टनचा. जन्माची आणि कुळाची चाळणी लावली की तीत सापडतो तो खरे लिहिणारा माणूस, कारण चाळणीला माहिती पुरवणारा तोच असतो. खोटे लिहिणाऱ्याला पकडायचे तर त्याची ये-जा, त्याचे पैसे, त्याच्या भेटीगाठी पाहाव्या लागतात. ते कष्टाचे काम आहे. त्यापेक्षा आजोबांचे गाव विचारणे सोपे.

आणि आपण खरोखरच आजोबांचे गाव विचारतो. भारतीय व्हिसाच्या अर्जात प्रश्न आहे : तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे नागरिक होते काय, की पाकिस्तानच्या ताब्यातल्या प्रदेशातले होते? योगायोग असा की, वांशिक भेदभावाविरुद्धच्या 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारात भेदभावाची व्याख्या करताना वंश आणि वर्ण यांच्या जोडीला "कूळ" हा शब्द घातला गेला तो भारताच्याच सूचनेवरून. नागरिक आणि परकीय यांच्यात फरक करण्याची मुभा तोच करार राज्यांना देतो, त्यामुळे या प्रश्नाने करार मोडला असा कायद्याचा मुद्दा मी करणार नाही. शब्द मात्र आपलाच होता.

कराचीतल्या आत्याच्या गल्लीत तिच्याच वयाची एक मैत्रीण राहत असे. दोघी एकाच पाटीवर बेरजा करीत. ती मैत्रीण तिथेच राहिली, आणि आत्या जाईपर्यंत तिचे नाव काढत असे. त्या बाईचा नातू समजा आज इंग्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश नागरिक आहे आणि त्याला मुंबई पाहायची आहे. 1 एप्रिल 1936 रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती. तिथल्या शिक्षण खात्याचे कागद मुंबईला यायचे, आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही त्या शहरात उभी आहे. त्या नातवाची आजी आणि माझी आत्या, दोघींचा जन्म 1934 चा आणि मुंबई इलाख्यातला. अर्ज भरताना तो नातू आजीसंबंधीच्या त्या प्रश्नापाशी येईल, आणि तिथे "होय" आणि "नाही" अशा दोनच चौकटी असतील.