आपली पेटी आपणच भरावी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला दिलेला विषय मागे फळ्यावर लिहिलाय: पहिला परदेश प्रवास, इमिग्रेशन आणि कस्टम्स. त्याकडे मी येतेच. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेते. दाबोळीच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरमागे नोकरी केली तेव्हा ती रोज डोळ्यांसमोर होती, आणि निवृत्त झाले तरी मनातून जात नाही. परदेशी निघालेल्या माणसानं आपली पेटी आपल्या हातानं भरावी. मुलानं नाही, सुनेनं नाही, आणि शेजारणीनं तर नाहीच नाही.

इथं कोणाकोणाची मुलं बाहेर आहेत? हात वर करा पाहू. बघा, अर्धं सभागृह! दुबई, कतार, कुवेत, लंडन, स्विंडन, अमेरिका. म्हणजे आज ना उद्या तुम्ही निघणार. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी नातवाच्या मुंजीला. आणि तुमची पेटी कोण भरणार, ते मी आत्ताच सांगते. अख्खा वाडा भरणार.

तुम्ही म्हणाल, कोणी का भरेना, सामान तर तेच. तसं नाही हो. विमानतळावर दोन वेगवेगळी खाती बसलेली असतात. आपल्याकडे इमिग्रेशन गृहमंत्रालयाखाली येतं, कस्टम्स अर्थमंत्रालयाखाली. पहिलं खातं माणूस बघतं: कोण, कुठे निघालात, कशाला, किती दिवस, परत कधी. दुसरं सामान बघतं: आत काय आहे, कोणाचं आहे, किती किमतीचं आहे. प्रश्न साधे असतात. तुमचं इंग्रजी किती चांगलं, याच्याशी अधिकाऱ्याला काही देणंघेणं नसतं. नाहीच जमलं तर दुभाषा मागा, त्यात लाज कसली? तो बघतो ते इतकंच, की ही बाई स्वतःच्याच प्रवासाबद्दल चाचपडतेय का. जिनं पेटी भरली तिला उत्तर शोधावं लागत नाही.

पुढच्या रांगेत काही ज्येष्ठ मंडळी बसलीत. त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पर्यंत मुंबईला जाणं हाच आपला परदेश प्रवास होता. माझी आजी सांगायची, मुरगावहून सुटलेली गाडी कुळ्याला थांबायची, तिथं पोर्तुगीज कस्टम्सवाले गाठोडी सोडायला लावायचे. बायकांनी ती पुन्हा बांधायची, गाडी घाट चढायची, आणि कॅसलरॉकला भारतीय कस्टम्ससमोर तीच गाठोडी पुन्हा सोडायची. पुढे भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ते जाणं-येणंच तुटलं. त्या बायकांमधल्या कितीतरी जणींना सही करता येत नव्हती. पण गाठोड्यात काय बांधलंय ते तोंडपाठ असायचं, कारण गाठ त्यांनीच मारलेली असायची. मला वाटतं, आपल्या आज्यांना जे येत होतं ते आपण हातचं घालवलं. बरं, पणजीला मांडवीकाठी ती निळी इमारत आहे ना, जुनी आल्फांदेग, म्हणजे पोर्तुगीजांचं कस्टम्स हाउस, तिथं आता कस्टम्सचं ‘धरोहर’ संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन जा. माल कुठे कुठे लपवून आणतात ते तिथं मांडून ठेवलंय. ते पाहिलं की अधिकारी पेटी का उसकतात, हे कोणी वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता माझं खरं गाऱ्हाणं.

माझी एक मावसबहीण डिचोलीला असते. लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले. पाहते तर हॉलमध्ये पेटी उघडी, अर्धी भरलेली, आणि माझी बहीण कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. पेटीभोवती दुसऱ्याच बायका. एकीचा मुलगा शारजाला, एकीची सून अजमानला. प्रत्येकीच्या हातात काही ना काही. आणि तोंडी एकच वाक्य, ‘इतलें मातशें व्हर गो.’ एवढंसं घेऊन जा गं. हे वाक्य आपल्या गोव्यात कोणी ऐकलं नाही असं होणारच नाही.

त्यातलं एक पुडकं मी उचललं. आधी वर्तमानपत्र, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर करकचून सुतळी, आणि स्केचपेननं मुलाचं नाव नि फोन नंबर. हाताला अजून कोमट लागत होतं. आत काय, म्हणून विचारलं तर शागोतीचा मसाला. दुपारीच भाजून वाटलेला, वास सगळ्या खोलीत पसरलेला. देणारी बाई कौतुकानं म्हणाली, ‘माझ्या बाबाला आवडते म्हणून खसखस सढळ हातानं घातलीय.’

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपण ती शागोतीत घालतो, अनारशावर लावतो, आपल्या मनात त्यात काही वावगं येतच नाही. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सिंगापूरही त्या बाबतीत कडक आहे. मूठभर खसखशीसाठी माणसांना कोठडीत बसावं लागलंय. आणि तिथं ‘ते माझं नव्हतं, शेजारणीनं दिलं होतं’ हे उत्तर चालत नाही. पेटी ज्याची, जबाब त्याचा. आपल्याकडच्या १९६२ च्या कस्टम्स कायद्यातसुद्धा सामानात काय आहे ते जाहीर करण्याची जबाबदारी त्या सामानाच्या मालकावरच टाकलीय.

मग मी सगळीच पुडकी उघडायला घेतली. एकात पाठदुखीच्या गोळ्या निघाल्या, पट्टी कापून सुट्या केलेल्या. ना नाव, ना डॉक्टरची चिठ्ठी. पाठदुखीच्या औषधांत ट्रॅमाडोल असू शकतं, खोकल्याच्या औषधात कोडीन. आखाती देशांत ही नियंत्रित औषधं आहेत, नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. दुसऱ्यात सुकं खोबरं. खोबऱ्यातल्या तेलामुळं ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. पाण्याच्या बाटलीत घरची फेणी होती. आपल्या काजूच्या फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मला अभिमानच आहे. पण एवढी कडक दारू विमानात न्यायची तर कंपनीच्या सीलबंद बाटलीतच नेता येते, तीही चेक-इनच्या पेटीत. कुवेत-सौदीला तर तीही नाही. आणि एका डब्यात चोरीस होते, आपले डुकराच्या मांसाचे सॉसेज. मांस परदेशात न्यायचं असेल तर आधी हजार वेळा विचार करा. युरोपात आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडचं मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेऊच देत नाहीत. म्हणजे चोरीस गेले, आणि पेढेही गेले.

खोलीत शांतता पसरली. मसालावाली बाई म्हणाली, ‘तुझा आमच्यावर विश्वास नाही?’ मी तिला सांगितलं ते आज तुम्हालाही सांगते. प्रश्न विश्वासाचा नाहीच. तुम्ही त्या मसाल्यात माया घातलीत, ती मला कळते. पण तुमच्या मुलाच्या जिभेसाठी साठी ओलांडलेल्या बाईनं परक्या मुलुखात पोलिसासमोर उभं राहावं, हे मागायचा हक्क तुम्हाला नाही. आपल्या समाजात पुडकं नाकारणारी बाई गर्विष्ठ ठरते. माझं म्हणणं उलट आहे. नाही म्हणता येणार नाही अशा माणसाच्या पेटीत पुडकं कोंबणं, हा अन्याय आहे.

नंतर आम्ही पेटी पलंगावर पालथी केली. बहिणीनं स्वतः एकेक वस्तू उचलून परत भरली. काजूगर, सोलं, पेराद म्हणजे पेरूच्या वड्या, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, बाळाची कुंची. लाडवांवर ती मला म्हणाली, ‘खसखस यातही असते गे, पण मी घातलेली नाही.’ तिनं स्वतः वळले होते म्हणून तिला माहीत होतं! वहीच्या कागदावर तिनं मराठीत यादी केली, समोर मी इंग्रजी लिहिलं. दुबईला तिला कोणी काही विचारलं नाही, सरळ बाहेर आली. पण फोनवर म्हणाली, ‘रांगेत माझे पाय लटपटले नाहीत.’ मसालावाली मात्र गणेशचवथ उलटेपर्यंत आमच्याशी बोलली नाही.

कागदांचंही हेच. व्हिसाचा अर्ज मुलगा तिकडे बसून भरतो, तिकीट जावई काढतो, आणि आईच्या हातात एक प्लास्टिकची फाइल देतो. काउंटरवर मी विचारायची, कुठं राहणार? ‘जावई जाणे.’ परत कधी? ‘तिकिटावर असेल.’ शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बायका ही उत्तरं द्यायच्या, आणि माझा जीव तुटायचा. मुलांनो, तुम्ही अर्ज भरा, पण आईला वाचून दाखवा. अर्जात जे लिहिलंय आणि तोंडानं जे निघतं ते जुळलं पाहिजे. लेकीकडे चालला असाल तर लेकीकडे म्हणा. ‘फिरायला’ म्हणून सांगायचं असं कोणी शिकवलं असेल, तर ते विसरा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. आता भराभर सांगते, लिहून घ्या.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी, बरेच देश ती बघतात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असतो. नोकरीसाठी ठराविक देशांत जाताना त्यांना सरकारची परवानगी लागते, मुलाला भेटायला जाताना लागत नाही. मोपाच्या विमानतळावरून थेट परदेशी विमान असेल तर इमिग्रेशन मोपालाच, मुंबईहून असेल तर मुंबईला. पूर्वी इमिग्रेशनला भरायचा तो फॉर्म भारतीयांना आता भरावा लागत नाही. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पुढे करा, विचारलं तेवढंच सांगा. औषधं, पॉवर बँक, दागिने हातातल्या बॅगेत. औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसकट.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्ष द्या. व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी, आत घ्यायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ या नोंदीत असतं, व्हिसाच्या तारखेत नव्हे. घरी पोचल्याच्या पोचल्या मुलाकडून ती नोंद काढून घ्या. दुसरं, अमेरिकेत ज्या पहिल्या शहरात उतराल तिथं पेटी पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टम्समधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. टॅगवर शेवटच्या गावाचं नाव असलं तरीसुद्धा. इथं फार जण चुकतात.

खाण्याचं काहीही असेल तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला ‘आहे’ म्हणून सांगायचं. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतील. लपवलंत तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. तिथं पट्ट्यापाशी कुत्री फिरतात, त्यांच्या नाकातून साधा आंबाही सुटत नाही.

परत येताना हिरवा मार्ग आणि लाल मार्ग. कर लागण्यासारखं काही असेल तर सरळ लाल मार्गानं जा, कर भरा, पावती घ्या. कर न भरता दारू दोन लिटरपर्यंत. बाकी सामानाची रुपयांतली मर्यादा सरकार बदलत असतं, ती निघण्याआधी पाहून घ्या. नोटांच्या रूपात ५,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन आणलं तर जाहीर करावं लागतं. सोन्याची सवलत, बायकांना ४० ग्रॅम नि पुरुषांना २० ग्रॅम, ही फक्त वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्यांना आहे. दोन महिने लेकीकडे राहून आलेल्या आईला नाही. आणि इथूनच अंगावर जड दागिने घालून जाणार असाल, तर जातानाच आपल्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर तुमचंच मंगळसूत्र, तुमच्याच पाटल्या इथल्याच आहेत हे परतताना सिद्ध करत बसाल.

वेळ संपली. ज्यांनी फाइल बरोबर आणलीय त्यांनी चहानंतर त्या टेबलापाशी या, पण मुलांना मागे बसवून. फाइल तुम्ही स्वतः उघडायची.