हौदातली काठी

(अंधार. कुठेतरी पाणी ठिबकतंय. विजेरीचा गोल उजेड एका सिमेंटच्या हौदावर.)

रात्रीचे तीन वाजून गेलेत. घरातली सगळ्यांत वयस्क बाई काठी घेऊन हौदापाशी उभी आहे. हौदात फिकट पिवळसर, चिकट लगदा दिसतोय. त्या सोललेल्या कॉफीच्या बिया आहेत. बाई काठी सरळ आत खुपसते, अलगद बाहेर काढते आणि उजेड जवळ धरते. काठीनं पडलेलं भोक हळूहळू बुजत जातं.

"अजून नाही," असं म्हणून ती घरात जाते.

तासाभरानं ती पुन्हा येईल. भोक न बुजता तसंच उभं राहिलं, तर बियांवरचा बुळबुळीत थर सुटला म्हणायचा. मग घरातल्या सगळ्यांना उठवायचं आणि धुवायला लागायचं, उजाडायची वाट बघायची नाही.

(सकाळ. डोंगरउतार. एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळं.)

पेल्यात येते ती कॉफी एका फळाची बी असते, हे पिणाऱ्याच्या सहसा ध्यानात नसतं. बोराएवढं फळ. वर साल, आत गोडसर गराचा पातळ थर, त्याखाली चिवट टरफल, टरफलाआड चंदेरी पापुद्रा, आणि त्याच्याही आत सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. अरेबिका जातीच्या झाडाला फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत पोचायला आठ-नऊ महिने लागतात. उंचावरच्या थंड हवेत आणखी सावकाश. सावकाश पिकलेली बी घट्ट भरते, आणि कपात जी ताजी, फळासारखी आंबट-गोड चव शोधली जाते ती बहुतेक अशाच बियांतून मिळते.

पण फुलं एकदम येत नाहीत. पाऊस पडतो, काही दिवसांनी एक बहर येतो. पुन्हा पाऊस, पुन्हा बहर. म्हणून एकाच फांदीवर फळं वेगवेगळ्या वयाची. तोडणाऱ्याला त्याच झाडाकडे हंगामात चार-पाच वेळा यावं लागतं आणि दर खेपेला फक्त पिकलेलं तेवढं बोटांनी सोडवून घ्यावं लागतं. कच्च्या फळाची बी जीभ आखडवते. जास्त पिकलेल्या फळाला आंबूस वास लागतो. आणि एवढं करून एका झाडाच्या वर्षभराच्या फळांतून निघणारी हिरवी बी साधारण अर्धा किलो.

(पाण्यानं भरलेलं पिंप. फळं ओतली जातात. काही तरंगतात.)

तरंगलेली फळं बाजूला काढतात. ती पोकळ असतात, किंवा किडलेली. बाकीची साल काढायच्या यंत्रात जातात, आणि तीही त्याच संध्याकाळी. तोडलेलं फळ रात्रभर पोत्यात राहिलं तर ते आतल्या आत तापतं आणि आंबायला सुरुवात होते, आपण ठरवण्याआधीच.

यंत्र साधं आहे, हातानं फिरवायचं. त्याच्या दोन भागांतलं अंतर केसभर चुकलं की बिया चिरतात. रात्री ते घासूनपुसून ठेवावं लागतं. एखादी बी आत अडकून सडली आणि दुसऱ्या दिवशीच्या मालात गेली, तर पुढे तिचा दर्प सगळ्या पोत्याला पुरतो.

(हौद. त्याच्या तळाशी जेमतेम वीतभर बिया.)

लहान कुटुंबाचं शेत म्हटलं की आपल्याला ते आपोआप चांगलं वाटतं. माल थोडा असल्यानं प्रत्येक बीकडे लक्ष जातं, हे खरंच आहे. पण थोड्या मालाची स्वतःची अडचण असते. घरातल्या चार माणसांनी दिवसभर तोडून हौद भरत नाही. मग मोह होतो: आजचा माल राहू द्यावा, उद्याचा त्यावर ओतावा, आणि सगळं एकदमच धुवावं. तेवढंच पाणी वाचतं, एक रात्रीची झोप मिळते. पण आजच्या बिया तयार झालेल्या असतात आणि उद्याच्या अर्धवट. एक टोक उतरलेलं, दुसरं कच्चं, आणि कपात दोन्ही एकदम बोलतात. या घरात रोजचा माल वेगळा राहतो. त्यामुळे हंगामभर कुणाची झोप पुरी होत नाही.

हौदात चालतं ते आंबवणंच. हवेतले, सालीवरचे यीस्ट आणि जिवाणू गरावर तुटून पडतात आणि ज्या पेक्टिनमुळे गर टरफलाला घट्ट चिकटून असतो ते मोडतं. उबदार रात्र असेल तर हे बारा तासांत उरकतं. थंडी असेल तर चोवीस, छत्तीसही. म्हणूनच घड्याळाचा फारसा उपयोग नाही आणि काठीचा आहे.

फळ न सोलता अख्खं उन्हात वाळवायची रीत याहून जुनी आहे. त्या कॉफीला भरदार, मुरांब्यासारखा गोडवा येतो आणि त्या गोडव्याखाली बीचे बारीकसारीक दोष दडून राहू शकतात. धुतलेल्या कॉफीत गर आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे बी जशी असेल तशी कपात येते. झाड कोणतं, उंची किती, तोडणी कशी झाली, सगळं उघड्यावर. फुलासारखा वास, लिंबाच्या सालीची झाक, हलकं अंग: नाजूकपणा म्हणतात तो हाच. आणि हौदात दोन-चार तास जास्त झाले तर तोही उघडाच पडतो.

(पहाट. लांब, उथळ पन्हळ. वाहत्या पाण्यात लाकडी फावडं मागे-पुढे.)

काठीचं भोक उभं राहिलं. आता धुणं. लाकडी फावड्यानं बिया प्रवाहाच्या उलट ढकलायच्या. जड बिया तळाशी रेंगाळतात, हलक्या पुढे वाहून जातात, म्हणजे धुता धुता निवडही होते. धाकटा मुलगा मूठभर बिया तळहातावर चोळतो. बुळबुळीतपणा गेला की त्या बारीक खड्यांसारख्या करकरतात.

आता एक गोष्ट, जी कॉफीच्या सुंदर चित्रफितींत बहुधा वगळली जाते. हे पाणी कुठे जातं? जुन्या पद्धतीत एक किलो बीमागे कित्येक लिटर पाणी लागायचं, आणि हौदातून निघालेलं पाणी आम्लधर्मी, साखरेनं भरलेलं असतं. ते तसंच ओढ्यात सोडलं तर ओढ्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. इथं ते खड्ड्यांच्या रांगेतून मुरवलं जातं आणि सालीचं खत होतं. स्वच्छ चवीच्या कॉफीमागचं पाणी स्वच्छ असेलच असं नाही. विकत घेताना हे विचारायला हरकत नसावी.

(उंच जाळीच्या खाटा. त्यावर पातळ पसरलेल्या बिया. हात सतत फिरताहेत.)

धुणं एका पहाटेचं, वाळवण दहा ते पंधरा दिवसांचं. ज्यांच्या घरी कधी वाळवणं घातली गेली त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. आभाळाकडे एक डोळा ठेवायचा. बिया बोटभर जाडीत पसरायच्या, तासातासाला हलवायच्या. भर दुपारी त्या झाकायच्या, कारण कडक उन्हात टरफल तडकतं आणि आतली बी एकसारखी वाळत नाही. रात्री दवापासून झाकायच्या. ओल्या असतानाच काळी, चिरलेली, डागाळलेली बी उचलून टाकायची. ओल्या बीवर डाग स्पष्ट दिसतो, वाळल्यावर टरफलाआड जातो.

ही बी अजून जिवंत आहे, हे विसरायला होतं. मातीत टाकली तर ती रुजेल. घाईनं वाळवली तर ती आतून मरते, आणि अशी कॉफी पहिले काही आठवडे छान लागून मग झपाट्यानं पुठ्ठ्यासारखी होते. ओल दहा ते बारा टक्क्यांवर आली की टरफलासकट पोत्यात भरायची आणि महिना-दोन महिने सावलीत निजू द्यायची.

(एका खोलीत लांब टेबल. वाट्यांची रांग. चमच्यांचे आवाज.)

'स्पेशालिटी कॉफी', म्हणजे खास दर्जाची, निवडक कॉफी, हा शब्द १९७४मध्ये एर्ना क्नुट्सन या व्यापारी बाईंनी एका व्यापारविषयक नियतकालिकात वापरला आणि तो रूढ झाला. पुढे त्याला मोजमाप आलं. ३५० ग्रॅम हिरव्या बियांत एकही मोठा दोष नको. चवीला १००पैकी किमान ८० गुण. चाखायची रीतही ठरलेली: १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम दळलेली कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वर आलेला कॉफीच्या पुडीचा थर चमच्यानं फोडायचा आणि नाक अगदी जवळ न्यायचं. मग सुर्रकन ओढायची, जितका मोठा आवाज तितकं बरं.

कॉफी निवत जाते तसा या टेबलावर रंग भरतो. गरम असताना सगळ्याच बऱ्या लागतात. कोमट झाल्यावर या घरच्या कॉफीची वाटी बाकीच्यांपासून सुटी होते. चाखणारे कागदावर लिहितात: पांढरी फुलं. संत्र्याची साल. स्वच्छ. आणि सगळ्यांत खाली, कौतुकानं: चहासारखी.

(पुन्हा घर. ओटा. मोठा मुलगा गाळणीतून पाणी सोडतोय.)

जगात कॉफी पिकवणाऱ्या कित्येकांनी आपला उत्तम माल कधी चाखलेला नसतो. तो पोत्यातून निघून जातो आणि घरात उरते ती चाळणीखालची, डागाळलेली, काळीकुट्ट भाजलेली. या वेळी खरेदीदारानं भाजलेली अर्धा किलो परत पाठवली आहे.

बाई कप हातात घेते. आधी रंग बघते, कपाचा तळ दिसतोय. एक घोट घेते. मग दुसरा.

"चहासारखी लागते," ती म्हणते. तिच्या बोलण्यात ही तक्रार आहे.

मुलगा हसतो. बाई साखरेचा डबा पुढे ओढते, झाकण उघडते, थोडा वेळ तशीच थांबते. मग झाकण लावून तिसरा घोट घेते.

बाहेर कुणीतरी आजची फळं पिंपात ओतलीत. कप ओट्यावर ठेवून ती काठी शोधायला उठते.