हलक्या गाडीचे टायर: माझदा एमएक्स-५च्या निमित्ताने

नमस्कार मंडळी. स्पोर्ट्स टायरची तुलना कशी करायची हा आजचा विषय, आणि उदाहरणाला एकच गाडी घेतली आहे: माझदा एमएक्स-५. भारतात माझदा गाड्या विकत नाही, पण अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना ही गाडी जुनी-नवी दोन्ही मिळते. १९८९ साली ती आली तेव्हा वजन टनाच्या आत होतं. आजची चौथी पिढीही टनाच्या थोडीशीच वर आहे. मागच्या चाकांना ताकद, इंजिन माफक. अशा गाडीवर टायर बदलला की गाडीचा स्वभाव बदललेला पहिल्याच वळणावर कळतो.

टायरच्या चाचणीचा कुठलाही तक्ता समोर आला की आधी एक गोष्ट बघा: चाचणी कुठल्या गाडीवर झाली? सोळाशे किलोच्या, चारशे अश्वशक्तीच्या गाडीवर पहिला आलेला टायर एमएक्स-५वर पहिला येईलच असं नाही. कारण उष्णता. रबर दबतं, वाकतं, रस्त्यावर किंचित सरकतं आणि त्यातून तापतं. प्रत्येक रबराच्या मिश्रणाची एक तापमानाची पट्टी असते. तिच्या खाली रबर कडक राहतं आणि घसरतं, तिच्या वर गेलं की मऊ होऊन ‘लोणी’ होतं. जड गाडी टायरला झटपट त्या पट्टीत नेते आणि तितक्याच झटपट पलीकडेही नेते. हलकी गाडी तिथे पोचायलाच वेळ घेते, पण एकदा पोचली की बराच वेळ तिथेच राहते. म्हणून जड गाडीवर दोन फेऱ्यांत दम सोडणारा टायर इथे अर्धा तास तग धरू शकतो, आणि जड गाडीवर पक्का वाटणारा टायर इथे थंडच राहतो. लहान गाडीसाठी टायर निवडताना सगळ्यात मोठा प्रश्न हाच: माझ्या वापरात हा टायर तापणार का, आणि किती वेळात?

हे डोक्यात ठेवून बाजारातल्या टायरकडे बघू. पहिला गट रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरचा. मिशलिन पायलट स्पोर्ट ५ किंवा कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ही त्यातली नावं. पावसात उत्तम, थंड असतानाही पकड देतात, आवाज कमी, आयुष्य बरं. दुसऱ्या गटाला, बाजूवर छापलेल्या २०० या आकड्यावरून, तिकडचे लोक नुसतं ‘दोनशेवाले’ म्हणतात: ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान निओवा एडी०९, हॅन्कुक आरएस४, फाल्कन आरटी६६०, टोयो आर१आर. तिसरा गट सेमी-स्लिकचा, म्हणजे टोयो आर८८८आर, नॅन्कांग एआर-१. नक्षी नावापुरती, रबर रेसचं. रस्त्यावर चालवायला कायद्याने परवानगी असली तरी पावसात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

या ‘२००’ आकड्याबद्दल फार गैरसमज आहे, म्हणून जरा थांबतो. अमेरिकेत टायरच्या बाजूवर झीज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि तापमान अशा तीन श्रेणी छापाव्या लागतात. झिजेचा आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. तो काढायला पश्चिम टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर ४०० मैलांच्या वळशावर गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल चालवतात आणि झीज एका संदर्भ-टायरशी ताडून बघतात. त्यावरून उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधायचा, आणि आकडा जाहीर करते ती कंपनी स्वतः. कंपनी तो मुद्दाम कमीही सांगू शकते. म्हणजे तो आकडा मुळात झिजेचा, पकडीचा नाहीच. पण अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत (मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेका गाडीची वेळ मोजतात) रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गाला किमान २००ची अट आली, आणि मग सगळ्यांचे सगळ्यात चिकट टायर नेमके २००चेच निघू लागले. त्यामुळे २०० लिहिलेल्या दोन टायरमध्ये एक दुसऱ्याच्या दुपटीने टिकू शकतो.

आरई-७१आरएस आणि आरएस४ ही जोडी याचं उत्तम उदाहरण. दोघांवरही २००. आरई-७१आरएस पहिल्या-दुसऱ्या फेरीतच पकडतो. ऑटोक्रॉसमध्ये एक धाव मिनिटभराची असते, तिथे हे गुण सोन्यासारखे. पण लांब सत्रात तो तापतो, फेरीला लागणारा वेळ हळूहळू वाढतो आणि बाहेरचा खांदा भराभर झिजतो. आरएस४ उलट आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत लाकडासारखा वाटतो, पण गरम झाला की फेरीच्या त्याच वेळा तासभर देत राहतो आणि टिकतोही जास्त. म्हणून लांब पल्ल्याच्या हौशी शर्यतीत लोक तो घेतात. हिवाळी सकाळी, आठ अंश तापमानात, हलक्या एमएक्स-५वर मात्र तो घेऊ नये. टोयो आर१आर चटकन तापतो आणि ओल्या रस्त्यावर भरवशाचा आहे, पण त्याची बाजूची भिंत मऊ. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते.

मापाकडे येऊ. पहिल्या पिढीला कारखान्यातून १८५/६० आर १४ होते: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची. आज १४ इंचात चांगला स्पोर्ट टायर शोधणं जिकिरीचं, म्हणून बहुतेक जण १५ इंची रिमवर १९५/५० किंवा २०५/५० लावतात. व्यासाचं गणित करून बघा. १८५/६० आर १४चा व्यास ५७८ मिलिमीटर, १९५/५० आर १५चा ५७६, म्हणजे जवळपास तोच. २०५/५० आर १५चा ५८६, दीड टक्का जास्त. तेवढं स्पीडोमीटरलाही चालतं आणि गिअरिंगलाही. चौथ्या पिढीत १९५/५० आर १६ आणि २०५/४५ आर १७ अशी दोन मापं येतात, व्यास ६०१ आणि ६१६. मोठं रिम दिसायला छान, पण १६ इंची टायर स्वस्त, चाक बहुधा हलकं, आणि बाजूची उंच भिंत खराब रस्त्यावर सोसते. पॉवरपेक्षा हलकेपणावर जगणाऱ्या गाडीला मी १६च देईन. चाकाचं आणि टायरचं वजन घरच्या काट्यावर करून बघा. प्रत्येक चाकामागे दीड किलो वाढलं तर ते फिरवायचंही असतं आणि खड्ड्यावरून उचलायचंही असतं.

रिमची रुंदी लोक विसरतात. २०५/५० आर १५ साडेपाच ते साडेसात इंची रिमवर बसतो. पहिल्या पिढीच्या मूळ साडेपाच इंची रिमवर तो बसेल, पण बाजू फुगून टायर डुलेल. साडेसहा किंवा सात इंची रिमवर तोच टायर वेगळा वाटतो. टायर बदलून जो फरक मिळाला असं वाटतं, त्यातला बराचसा असा रिमचा असतो.

आता हवा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिल्या दोन पिढ्यांना कंपनीने सांगितलेली हवा २६ पीएसआय, चौथ्या पिढीला २९. पेट्रोल पंपावर सवयीने ३२-३३ भरली जाते आणि मग ‘हा टायर घसरतो’ असं टायरच्या नावावर खपतं. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की हवा एक पीएसआयने वाढते. ट्रॅकवर वीस मिनिटं जोरात चालवल्यावर २६ची ३१-३२ सहज होते. म्हणून तुलना नेहमी गरम हवेवर करायची. सुरुवातीला थोडी कमी भरायची, तीन-चार फेऱ्यांनी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) येऊन लगेच मोजायची, जास्त असेल तेवढी सोडायची. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, तेव्हा चारही चाकं वेगवेगळी मोजा.

योग्य हवा कळायचा सोपा उपाय म्हणजे खडू. टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपते तिथून बाजूच्या भिंतीवर उतरणारी खडूची जाड रेघ तीन ठिकाणी मारा आणि दोन फेऱ्या करा. टायरवर खांद्याच्या टोकाला बहुधा छोटा त्रिकोण असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. त्याच्याही खाली भिंतीवर पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलाच नाही तर हवा जास्त आहे. पुढची पायरी सुईच्या पायरोमीटरची, म्हणजे तापमापकाची. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर खुपसून आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजायचं. इन्फ्रारेडची बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते, आणि पिटपर्यंत येईतो तो गार झालेला असतो. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त, मधला गार म्हणजे कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच-आठ अंशांनी गरम असली तर कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) ठीक. बाहेरची कडच गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय, आणि कितीही महाग टायर घेतला तरी त्याचा बाहेरचा खांदा आधी जाणार.

दोन टायरची खरी तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं. दोन्ही संच एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या रिमवर. नवे टायर आधी दोनेकशे किलोमीटर रस्त्यावर चालवलेले, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर निघावा लागतो. पहिल्यांदा नीट गरम झाल्यावर दिवसभर विश्रांती दिलेली. गाडीत पेट्रोल सारखं: ४५ लिटरची टाकी भरली की सुमारे ३४ किलो, म्हणजे या गाडीच्या वजनाच्या तीन टक्के. शेजारी माणूस बसला तर सात टक्के. आणि मुख्य म्हणजे पहिला टायर शेवटी पुन्हा लावायचा. सकाळी अ, मग ब, मग परत अ. दुपारी डांबर तापलं म्हणून ब जलद आला की खरंच चांगला आहे म्हणून, हे शेवटच्या ‘अ’शिवाय सांगता येत नाही. इतकी तसदी ज्या चाचणीत घेतलेली नाही, तिच्यातला अर्ध्या सेकंदाचा फरक सोडून द्यावा.

पावसाबद्दल. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांचं विमानाच्या टायरवरून निघालेलं जुनं सूत्र आहे: हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढून साडेसोळाने गुणलं की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. २६ला साधारण ८४, ३५ला ९८. नवी खोल नक्षी पाणी बाहेर काढते म्हणून मोटारीला एवढं काटेकोर लागू नाही, पण टायर गोटा होत आला की गाडी त्या आकड्याकडे सरकते. हलकी गाडी, कमी हवा, रुंद टायर आणि दोन-तीन मिलिमीटर उरलेली नक्षी हे एकत्र आलं की हमरस्त्यावरचा साचलेला पट्टा धोक्याचा. कायदेशीर किमान १.६ मिलिमीटर असलं तरी मी तीनवर ‘दोनशेवाला’ टायर पावसात वापरणार नाही. युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी उपयोगी आहे, पण ती सरळ रेषेत ताशी ८०वरून २०पर्यंतच्या ब्रेकिंगची. वळणावर मागचं टोक कसं वागेल हे ती सांगत नाही.

आणि मागे-पुढे वेगळे टायर लावू नका. पुढे चिकट, मागे साधे असले आणि ओल्या वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की छोट्या व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, ही गाडी क्षणात फिरते.

थंडीत तापमान सातच्या खाली गेलं की पहिल्या दोन्ही गटांचं रबर कडक होतं, आणि शून्याखाली गोठलेला ‘दोनशेवाला’ टायर हलवताना त्याला चिरा जाऊ शकतात. हे संच घरात, अंधारात, उन्हापासून आणि पंपासारख्या विजेच्या यंत्रांच्या मोटरपासून दूर ठेवा.

मग घ्यायचा कुठला? रोज चालवायची, वर्षाकाठी एक-दोन ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर नेऊन चालवायचे दिवस): पायलट स्पोर्ट ५च्या गटातला, बिनदिक्कत. ऑटोक्रॉस: आरई-७१आरएस, आणि हंगामात एक संच संपेल हे धरून. लांब सत्रं आणि उष्ण हवामान: आरएस४. सेमी-स्लिक फक्त वेगळ्या रिमवर, ट्रॅकवर जाऊन बदलायचे.

विकत घेताना बाजूवरचा तारखेचा आकडा वाचा. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारे स्पोर्ट टायर बहुधा जुने असतात, आणि चिकट रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळा: पहिल्या दोन पिढ्यांना ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, चौथीला १०८ ते १४७. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर आणि ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर, चाकं गार झाल्यावर, पुन्हा एकदा तपासा.