टेलिफोटो गळ्यात हवी, पिशवीत नको

सहज पाय मोकळे करायला निघताना टेलिफोटो, म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स, घेणार असाल, तर ती कॅमेऱ्याला लावूनच निघा, आणि दुसरी लेन्स घरी ठेवा. पिशवी उघडून लेन्स बदलेपर्यंत तारेवरचा खंड्या कधीच उडालेला असतो. रस्त्यात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते ती वेगळीच.

आता वजन. ७०-२०० मिमीची एफ २.८ लेन्स एक ते दीड किलोची असते (एफ म्हणजे लेन्सच्या उघडीचा आकडा; आकडा लहान, तर उजेड जास्त). त्याच पल्ल्याची एफ ४ पाऊण किलोच्या आसपास. दिवसाउजेडी एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट उजेडासाठी, मान अवघडून घेण्यात काही हशील नाही. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) असेल तर पट्टा तिच्या पायाला अडकवा, म्हणजे माउंटवर, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जोडावर, ताण येत नाही. पट्टा खांद्यावरून तिरका घ्या. काही झूम लेन्स चालता चालता आपोआप लांबतात. त्यांच्यावर लॉकचं बटण असतं, ते लावा. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची टोपी, सरळ बसवा. उलटा बसवून फिरणारे बरेच दिसतात. तसा तो ना ऊन अडवतो, ना धक्का.

फोटो हलतात ते बहुधा शटरच्या कमी वेगामुळे. ३०० मिमी आणि १.५ क्रॉपचा सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, दीडपट लहान), म्हणजे हिशेब ४५०चा. शटर निदान एक भागिले तेवढं लागतं. म्हणून शटर निदान १/५००, आणि चालून दम लागला असेल तर १/१००० ठेवा. स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप सावरतो, धावणारं पोर थांबवत नाही. ऑटो आयएसओमध्ये (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो त्या मोडमध्ये) किमान शटर १/५०० आणि कमाल आयएसओ ६४०० असं घरूनच लावून निघा. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र वाया जातो. डावा तळहात लेन्सखाली, कोपर बरगडीला टेकलेलं, आणि तीन-चार फोटोंची माळ. पहिल्या फोटोत बोटाचा हिसका येतो, पुढचे बरे निघतात.

लांबचं जवळ आणायला ही लेन्स, असा समज आहे. खरी मजा पाच ते वीस मीटरमध्ये आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवरून दोनशे मीटर पलीकडचं काही टिपलंत, तर मधली हवा थरथरते आणि चित्र मऊ पडतं. मग दोष लेन्सला! तिथे शटर वाढवूनही फारसं साधत नाही. जवळ जा, नाहीतर सकाळी या.

जवळ गेल्यावर दुसरी अडचण. फुल फ्रेमवर २०० मिमी, एफ ४, अंतर तीन मीटर: स्पष्टतेची खोली जेमतेम पाच सेंटीमीटर. तिरप्या चेहऱ्याचा जवळचा डोळा धारदार, पलीकडचा कान धूसर. एफ ८ केलंत तर ती दुप्पट होते. आणि तीन मीटरवरच्या फुलपाखरावर फोकस बसतच नसेल, तर आधी लेन्सच्या कडेचा फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचा पल्ला आवरणारं बटण, पाहा. बहुतेक वेळा तो लांबच्या पल्ल्यावर राहून गेलेला असतो.