आधी उंची मागा, लोखंड नंतर

पत्रिकेत विषय छापलाय ‘लांब गाळ्याच्या ट्रसमधील अंतर्गत बलांचे नियोजन’. ट्रस म्हणजे लोखंडी दांड्या त्रिकोणांत जोडून केलेली कैची, आणि गाळा म्हणजे तिच्या दोन आधारांमधलं अंतर. ती बनवून देणारा आमचा फॅब्रिकेटर या विषयाला ‘कैची हलकी करा की’ म्हणतो. बेंडिंग मोमेंट, म्हणजे भाराचा कैचीला वाकवण्याचा जोर, भागिले कैचीची उंची म्हणजे कॉर्डमधलं, अर्थात वरच्या-खालच्या लांब दांड्यांमधलं बल, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून सरळ माझ्या दुखण्यावर येतो.

एका मंगल कार्यालयाचं काम होतं. गाळा ३० मीटर, मध्ये एकही खांब नको. खांबाआड बसलेल्याला जिलबी पोचत नाही, हे मालकांचं कारण. (हशा) मला पटलं. पण त्यांना कैचीही डोळ्यांत यायला नको होती. “चार फुटांत बसवा साहेब!” चार फूट म्हणजे १.२ मीटर. भार मीटरला साधारण एक टन धरा. मोमेंट म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले आठ. तीसचा वर्ग नऊशे, भागिले आठ, साडेबाराशे... (हशा) थांबा, चष्मा लावतो. ११२.५ टन-मीटर. भागिले १.२, म्हणजे वरच्या कॉर्डमध्ये जवळपास ९४ टन दाब, खालच्यात तेवढाच ताण. उंची अडीच मीटर दिली तर ४५.

हे मी त्यांच्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडून दाखवलं. ते म्हणाले, “मग अँगल जाड टाका. पैसे मी देतोय ना?” पैसे देतो म्हणणारा मालक आयुष्यात एकदा भेटतो, तोही असा! अहो, अँगल जाड केला म्हणून बल कमी होत नाही. दर चौरस सेंटिमीटरला वाट्याला येतं ते कमी होतं. बल उलट वाढतं, कारण कैचीचं वजन वाढलं. वेल्डरने ड्रॉइंग बघून विचारलं, “ही कैची, का आडवी ठेवलेली शिडी?”

शेवटी कडेला चार फूट आणि मध्ये अडीच मीटर, अशी उतरती कैची दिली. मोमेंट मध्येच जास्त, उंचीही तिथेच. रस्त्यावरून चारच फूट दिसते. मालक खूश, पावसाचं पाणीही वाहून जातं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुख्य विषय राहिलाच की!

तर, गाळा खरोखर लांब असेल तेव्हा नुसती उंची पुरत नाही. एकूण मोमेंट कमी करता येत नाही, वाटून देता येतो. हावडा पूल घ्या, १९४३ चा. मनोऱ्यांमधलं अंतर ४५७ मीटर, पण दोन्हीकडून बाहू पुढे काढून मधला टांगलेला भाग फक्त १७२ मीटरचा ठेवलाय. वर्गाचा हिशेब करा: भार सारखाच धरला तर मधला मोमेंट सातवा हिस्सा उरतो. बाकीचा मनोऱ्यापाशी गेला, आणि ट्रस सर्वांत उंच तिथेच आहे. शिवाय सांधे बिजागरीचे, त्यामुळे पाया थोडा खचला तरी बलं बदलत नाहीत.

कॅनडातल्या क्युबेकच्या पुलालाही हीच पद्धत होती. गाळा १६०० फुटांवरून १८०० केला, वजन मात्र जुनंच धरलं. १९०७ मध्ये बांधकाम चालू असतानाच खालचे दाबातले मेंबर, म्हणजे कैचीच्या दांड्या, वाकले. ७५ कामगार गेले.

कर्णांचं, म्हणजे तिरक्या दांड्यांचं, एका दमात सांगतो. कोन ४५ ते ६० अंश, लांब कर्ण ताणात, आखूड उभे मेंबर दाबात. वाऱ्याने छप्पर वर उचललं की हे सगळं उलटं होतं, पण ही दुसरी चिठ्ठी आली.